बाबागाडी घेताना

नांदेडला माझ्या भाचीने बाळासाठी बाबागाडी घेतली. गुलाबी छत, खाली टोपली, मोठी झोकदार! पण चाके मुठीएवढी. डांबरी रस्त्यावर ती छान पळे. पहिला पाऊस पडला, काळी माती चाकांत भरली, आणि बाळ कडेवर व गाडी दुसऱ्या हातात अशी वरात घरी आली.

तेव्हा दुकानात रंग पाहण्याआधी आपला रस्ता आठवावा. खडी-चिखलाला मोठी रबरी चाकेच हवीत. एस.टी.ने नेहमी लातूर-नांदेड करणाऱ्यांनी मात्र चटकन मिटणारी हलकी गाडी बघावी. ओवेन मॅक्लारेन या इंग्रज विमान-इंजिनिअरने १९६५ साली छत्रीसारखी मिटणारी ॲल्युमिनियमची गाडी काढली; वजन तीन किलोच्या आत! पण अशी बसती गाडी मान न धरलेल्या तान्ह्याला चालत नाही. त्याला पाठ सपाट होणारी हवी.

पुढे भाची लातूरला आमच्याकडे आली. गंजगोलाईत बाजार करून तिने दोन जड पिशव्या गाडीच्या मुठीला अडकवल्या. गाडी मागे कलंडली! पट्टा बांधलेला होता म्हणून पोर बचावले. पट्टा नि ब्रेक दुकानातच स्वतः लावून पाहावेत. आणि उन्हात गाडीवर चादर पांघरू नये, आत हवा कोंडून भट्टी होते.

‘माळेगावच्या यात्रेला गाडी नेऊ का, मामा?’ भाचीने विचारले. म्हटले, त्या गर्दीत माझा खांदाच बरा.