कोड वंशपरंपरेने येते काय?

आईच्या किंवा वडिलांच्या अंगावर कोडाचे पांढरे डाग असले, की मुलीची सोयरीक जुळविताना अडचणी येतात, हा अनुभव भारतात अनेक कुटुंबांना येतो. रोग मुलाबाळांत उतरेल, ही त्यामागील भीती होय. ‘श्वेतकुष्ठ’ या जुन्या नावाने तीत भरच घातली. वस्तुतः कुष्ठरोगाशी कोडाचा काडीमात्र संबंध नाही. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो. ते जंतू नॉर्वेतील डॉक्टर हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधून काढले. कोड जंतूंमुळे होत नाही आणि स्पर्शाने पसरतही नाही.

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्य विशिष्ट रंगपेशींत तयार होते. शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी या रंगपेशींनाच शत्रू समजून त्यांचा नाश करू लागल्या, की त्या जागी पांढरा डाग उमटतो.

मग यात वंशपरंपरेचा वाटा किती? एकाच फलित बीजापासून जन्मलेल्या जुळ्यांची जनुके सारखीच असतात. कोड केवळ जनुकांमुळे होत असते, तर एकास ते झाल्यावर दुसऱ्यासही हटकून व्हावयास हवे होते. परंतु २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा जोड्यांपैकी सुमारे २३ टक्के जोड्यांतच दोघांनाही कोड आढळले. रुग्णांच्या सख्ख्या भावंडांत हे प्रमाण सुमारे ६ टक्के होते. सर्वसाधारण लोकांत ते बहुधा एक-दोन टक्क्यांच्या आतच असते. म्हणजे रुग्णाच्या कुटुंबात संभव वाढतो खरा; तथापि बहुतेक नातलगांना कोड होत नाही.

याचे कारण असे, की कोडाशी एक नव्हे, तर अनेक जनुके निगडित आहेत आणि प्रत्येकाचा प्रभाव अल्प असतो. वारशाने मिळते ती केवळ प्रवृत्ती. ती प्रकट होण्यास त्वचेची जखम किंवा काही रसायने निमित्त ठरू शकतात. टिकली चिकटविण्याच्या गोंदातील रसायनांमुळे कपाळावर पांढरा डाग पडल्याची उदाहरणे भारतीय डॉक्टरांनी नोंदविली आहेत.

डाग दिसताच त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. मलमे व अतिनील किरणांचे उपचार यांनी पुष्कळ रुग्णांचा रंग काही अंशी परत येतो. मात्र ज्या मुलीच्या अंगावर एकही डाग नाही, तिला आईच्या डागांसाठी नाकारण्यास विज्ञानात आधार सापडत नाही.