कुलूप आणि कडी

वास्तूचा स्वभाव जाणावयाचा असेल तर प्रथम तिच्या दाराकडे पाहावे. कडी आतून असेल तर ते घर. कुलूप बाहेरूनच असेल तर तो कोंडवाडा.

इंग्लंडात 1834 च्या दारिद्र्यविषयक कायद्यानंतर निराधारांसाठी ‘वर्कहाउस’ नावाच्या इमारती उठल्या. अँडोव्हर गावातील अशी इमारत 1836 सालची. तिची आखणी अधिकच्या चिन्हासारखी आहे. देखरेखीची जागा मध्यभागी ठेवून चारही दिशांना इमारतीच्या लांबट भुजा काढल्या व त्यांच्यामधील अंगणे पुरुष, स्त्रिया, मुलगे व मुली यांना वेगवेगळी वाटून दिली. पतिपत्नींची व मायलेकरांची ताटातूट अशी नकाशातच आखलेली होती. तेथील भुकेले लोक खतासाठी कुटावयास दिलेली हाडे चघळतात, हे 1845 साली उघडकीस आले, तेव्हा देशभर खळबळ उडाली. आज त्याच भिंतींच्या आत खाजगी घरे आहेत.

आपल्या सोलापुरातील ‘सेटलमेंट’ ही निराधारांसाठी नव्हती. परंतु तिच्या रचनेमागील विचार याच जातीचा होता. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कैकाडी, पारधी, टकारी अशा अनेक जमातींना जन्मावरूनच गुन्हेगार ठरविले. 1911 पासून तो मुंबई इलाख्यात लागू झाला व अशा कुटुंबांना येथे आणून वसविण्यात आले. येथे दगडी भिंतीचे काम तारेच्या कुंपणाने केले, आणि मध्यवर्ती देखरेखीचे काम हजेरीने. सोलापुरात कापडाच्या गिरण्या 1877 पासूनच्या. त्यांना कामकरी हात हवेच होते. रहिवाशांनी दिवसा गिरणीत राबावे आणि काम संपताच कुंपणाआड परतावे, असा नेम होता.

ज्यांची वर्तणूक चांगली ठरे, त्या कुटुंबांना कुंपणाबाहेरील ‘फ्री कॉलनी’त राहण्याची मुभा मिळे. मोकळेपणाने राहणे हा हक्क नसून बक्षीस आहे, असा त्या नकाशाचा अर्थ होता. 1952 साली हा कायदा देशभर रद्द झाला. कुंपण गेले आणि त्या जागी साधी, स्वतःची घरे उभी राहिली.

अँडोव्हरला भिंती राहिल्या व त्यांचा धाक गेला. सोलापुरात तारा गेल्या, परंतु ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव पत्त्यात अद्याप लिहिले जाते. तो पत्ता ऐकताच ज्याच्या भुवया उंचावतात, त्याच्या मनात ते कुंपण अजून उभेच आहे. घराची कडी आता आतून लागते. ते घर आहे असे मानणे तेवढे आपणां शेजाऱ्यांकडे उरले आहे.