प्रकाश सापळा, डोंगल आणि लिनक्स

रायपूरच्या भातपट्ट्यात भाद्रपद-आश्विनात शेत वरून हिरवेगार दिसत असते आणि तपकिरी तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी वाढत असतात. प्रति चूड 5 ते 10 तुडतुडे ही आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली गेली, की थोड्याच दिवसांत करपलेली गोलाकार खळी दिसू लागतात. त्यामुळे प्रकाश सापळ्यातील नोंद त्याच दिवशी हाती येणे आवश्यक ठरते. सापळ्याजवळ कॅमेरा, रास्पबेरी पायसारखा लहान संगणक आणि यूएसबी मोडेम, म्हणजेच डोंगल, बसवून छायाचित्रे पाठविता येतात. या संगणकावर लिनक्स ही युनिक्ससदृश प्रणाली चालते. पहिली अडचण येते ती येथेच: डोंगलचा दिवा लुकलुकतो, जोडणी मात्र होत नाही.

अशा वेळी डोंगल बदलण्याची घाई केली जाते. वास्तविक अनेक डोंगलांमध्ये विंडोजसाठीचे सॉफ्टवेअर साठविलेले असते आणि संगणकाला जोडताच ते स्वतःची ओळख सीडी ड्राइव्ह अशी देतात. विंडोजमध्ये ते सॉफ्टवेअरच डोंगलला मोडेमच्या रूपात आणते. लिनक्समध्ये हे काम ‘यूएसबी मोडस्विच’ करते. कीटकशास्त्राच्या अभ्यासकास येथे कोषावस्था आठवल्यास नवल नाही.

‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिल्यास डोंगलची अवस्था कळते. ह्युआवेईच्या काही जुन्या डोंगलांचा क्रमांक 12डी1:1446 असा दिसला, तर रूपांतर झालेले नाही असे समजावे. ते झाल्यावर उत्तरार्ध बदलतो, उदाहरणार्थ 1001 होतो. त्यानंतर ‘ऑप्शन’ हा ड्रायव्हर ताबा घेतो आणि टीटीवाययूएसबी0 यासारखे पोर्ट उपलब्ध होतात. पुढील जोडणी मोडेममॅनेजर व नेटवर्कमॅनेजर करतात. सेवा कंपनीचा एपीएन अचूक भरावा आणि सिमवरील पिन आधीच काढून टाकावा.

जोडणी होऊन वारंवार तुटत असेल, तर संशय विजेवर घ्यावा. यूएसबी 2.0 पोर्टची प्रमाणित मर्यादा 500 मिलीअँपिअर आहे. शिवारात सिग्नल क्षीण असला, की मोडेम अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो आणि त्याची विजेची गरज वाढते. ‘डीमेसग’च्या नोंदीत डोंगल पुनःपुन्हा सुटल्याचे दिसल्यास स्वतंत्र वीजपुरवठ्याचा यूएसबी हब वापरावा.

देशातील खासगी कंपन्यांनी थ्री-जी सेवा मोठ्या प्रमाणावर बंद केल्याने जुना, स्वस्त डोंगल घेणे आता बहुधा महागात पडते. फोर-जीचे अनेक डोंगल थेट नेटवर्क कार्ड म्हणून ओळख देतात. त्यांना डायल करावे लागत नाही.