बंद कोळसा खाणीची जमीन पुन्हा लागवडीखाली आणताना

विदर्भातील वर्धा खोरे काळ्या कसदार जमिनीसाठी जसे ओळखले जाते, तसेच कोळशासाठीही. वणी, घुग्गुस, बल्लारपूर, राजुरा या पट्ट्यात अनेक गावांची शेती खाणींत गेली. कोळसा संपला की खाण बंद होते. मग शेड पाडल्या जातात, डोझर फिरतो आणि सपाट जागा दिसू लागते. आता येथे कापूस किंवा सोयाबीन घेता येईल, असे शेजारच्या शेतकऱ्यांना वाटते. परंतु सपाट झालेली जागा म्हणजे शेतजमीन नव्हे. ती शेतीयोग्य होईल की नाही, हे मुख्यतः खाण सुरू होताना काढलेल्या वरच्या मातीचे काय झाले, यावर ठरते.

बांधकामे पाडणे

प्रथम वीजपुरवठा तोडून रोहित्रांतील व यंत्रांतील तेल काढून घेतात. बारूदघर रिकामे झाल्याची खात्री करतात. ॲस्बेस्टॉसचे पत्रे न फोडता, ओले करून, सबंध उतरवावे लागतात, कारण त्यांची धूळ फुफ्फुसांना घातक असते. असे पत्रे गोठ्यासाठी घरी आणू नयेत. त्यानंतर लोखंडी सांगाडे कापतात आणि भिंती वरून खाली पाडतात.

काँक्रीटचे पाये जमिनीत तसेच राहिल्यास नांगर अडतो, मुळे अडतात व पाणी साचते. म्हणून ते खोलवर फोडून काढणे आवश्यक असते. कार्यशाळेजवळची तेलाने माखलेली माती वेगळी काढावी. ती भरावात मिसळू नये.

भूमिगत खाणीत उभ्या चानकाचे तोंड काँक्रीटने पक्के झाकतात, तर उतरत्या वाटेचे तोंड भरून त्यापुढे भिंत बांधतात. आत विषारी किंवा ज्वालाग्राही वायू असू शकतो. त्यामुळे गुराख्यांनी उघड्या तोंडाजवळ जाऊ नये.

खड्डा भरणे

खुल्या खाणीत कोळशावरचे खडक व मुरूम काढून मोठे ढिगारे केलेले असतात. त्यांनी खड्डा भरतात. उरलेल्या ढिगाऱ्यांना पायऱ्या पाडून उतार कमी करतात, म्हणजे पावसात ते घसरत नाहीत. कोळशाचा चुरा हवेशी संबंध येऊन आपोआप पेट घेतो, म्हणून तो चिकणमातीखाली दाबावा लागतो. काही थरांत गंधकयुक्त लोहखनिज असते. त्यावर हवा व पाण्याची क्रिया होऊन आम्ल तयार होते. असा थर पृष्ठभागावर येऊ देऊ नये.

अवजड डंपरच्या वजनाने भराव दगडासारखा घट्ट होतो. वरची माती पसरण्यापूर्वी तो रिपरने खोल फोडला नाही, तर मुळे खाली उतरत नाहीत.

वरची माती हेच भांडवल

खालच्या वालुकाश्माच्या चुऱ्यात सेंद्रिय कर्ब व नत्र अत्यल्प असते आणि पाणी धरून ठेवण्याची शक्तीही कमी असते. ही उणीव फक्त खताच्या पोत्याने भरून निघत नाही. म्हणून खोदकामापूर्वी काळी माती वेगळी काढून ठेवणे आवश्यक असते. तिचा ढीग कमी उंचीचा ठेवून त्यावर गवत किंवा द्विदल पेरावे. उंच ढिगात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या मातीतील उपयुक्त जिवाणू कमी होतात. शक्य असेल तेथे एका भागातील माती काढून ती लगेच दुसऱ्या भरलेल्या भागावर पसरणे सर्वांत चांगले.

आधी गवत, नंतर पीक

पहिल्या पावसाळ्यात धूप थांबविण्यासाठी स्टायलो, दीनानाथ गवत यांसारखी चारापिके घ्यावीत. ताग किंवा धैंचा पेरून सुमारे ४५ ते ५० दिवसांनी गाडावा. बियाण्यास रायझोबियम २५० ग्रॅम प्रति १० किलो याप्रमाणे चोळावे. उतारावर करंज, शिसू, शिरीष, बांबू लावावेत. नागपूरच्या नीरी या संस्थेने गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर साखर कारखान्याचे प्रेसमड, जिवाणू खते व मायकोरायझा वापरून झाडे वाढवून दाखविली आहेत. कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यांनाही हे तत्त्व लागू पडते.

कापूस, तूर यांची मुळे खोल जातात. मातीचा थर पुरेसा जाड नसेल, तर ही पिके घेण्याची घाई करू नये. ० ते ३० व ३० ते ६० सें.मी. खोलीचे नमुने वेगवेगळे घेऊन सामू, क्षारता व सेंद्रिय कर्ब तपासावा.

शेजारच्या शेतकऱ्यांसाठी

भूमिगत खाणीवरील शेतात भेगा पडल्यास किंवा जमीन खचल्यास तेथे बैल, ट्रॅक्टर नेऊ नये. तलाठ्यास व खाण व्यवस्थापनास लेखी कळवावे. खाणीचा उपसा थांबल्यावर विहिरींची पातळी बदलते. अशा वेळी ओलितापूर्वी पाणी तपासून घ्यावे. खाणीच्या उपशावर ओलीत करणाऱ्यांनी दुसरी सोय आधीच पाहावी.

केंद्रीय कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रत्येक खाणीसाठी बंद करण्याचा आराखडा व त्यासाठी वेगळ्या खात्यात रक्कम ठेवणे बंधनकारक केले. त्या वेळच्या किमतीनुसार खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख, तर भूमिगत खाणीसाठी हेक्टरी १ लाख रुपये हा दर होता. मात्र जमीन सुधारली म्हणजे ती मूळ मालकास परत मिळतेच, असे नाही. १९५७ च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्याखालील जमिनींबाबत २०२२ मध्ये मंजूर झालेल्या धोरणात मालकी शासकीय कंपनीकडेच ठेवली आहे. त्यामुळे अशा जमिनीवर खर्च करण्यापूर्वी कागदपत्रे पाहावीत व लेखी परवानगी घ्यावी.

नव्या किंवा वाढीव खाणीची जनसुनावणी असेल, तेव्हा मोबदल्याबरोबर आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा : वरची माती कोठे ठेवणार, आणि ती परत केव्हा पसरणार? खाण सुरू होताना याचे उत्तर लेखी घेतले नाही, तर ती बंद होताना पसरायला माती शिल्लक राहत नाही.