पहिले विमान पडल्यानंतर

रेडिओ-नियंत्रित विमान उडवण्याचा छंद सुरू करणे आता सोपे झाले आहे. फोमचे तयार विमान, 2.4 गिगाहर्ट्झचा रिमोट आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी एकाच खोक्यात मिळते. पूर्वी बाल्सा लाकडाच्या पट्ट्या कापून, चिकटवून विमान उभे करण्यात महिने जात. तेवढ्या काळात नवख्याला विमानाची रचना उमगे आणि क्लबातल्या जुन्या मंडळींशी ओळखही होई. खोके उघडून थेट मैदानात उतरणाऱ्याला हे दोन्ही मिळत नाही. त्याचे विमान लवकरच पडते, आणि जवळ कोणी जाणता नसेल तर छंदही तिथेच सुटतो.

पडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे दिशांचा गोंधळ. विमान दूर जात असते तेव्हा त्याची उजवी बाजू आणि उडवणाऱ्याची उजवी बाजू एकच असते. ते वळून समोरून येऊ लागले की डावे-उजवे उलटते. घाबरलेला हात भलतीकडे जातो आणि कललेले विमान आणखी कलून नाक खाली घालते. यावर शिक्षक एक साधी खूण सांगतात: समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली झुकलेला दिसेल, स्टिक त्याच बाजूला न्यायची. पंख सरळ होतो. ही सवय संगणकावरच्या सिम्युलेटरवर फुकटात लागते. तिथे कितीही विमाने पाडली तरी खर्च नाही.

विमानाची निवडही महत्त्वाची. लढाऊ विमानांच्या प्रतिकृती नवख्यांना भुरळ घालतात, पण त्या वेगवान असतात आणि चूक पोटात घालत नाहीत. शिकण्यासाठी धडाच्या वर पंख बसवलेले, पंखांची टोके किंचित उचललेली संथ ट्रेनर विमानेच घ्यावीत. स्टिक सोडली की ती बरीचशी आपोआप सावरतात.

खरा आधार मात्र दोन रिमोटच्या जोडणीचा. शिक्षकाचा आणि शिकणाऱ्याचा रिमोट वायरने किंवा बिनतारी जोडतात. शिक्षकाने स्प्रिंगचा स्विच ओढून धरला की ताबा शिकणाऱ्याकडे जातो. सोडताच तो परत येतो. विमान वाचते, धीरही टिकतो.

एकट्याने उडवता येऊ लागल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरतो, आणि अनेक जण इथेही गळतात. ब्रिटिश मॉडेल फ्लाइंग असोसिएशनच्या ‘ए’ प्रमाणपत्राने त्यांना जवळचे उद्दिष्ट मिळते. टेक-ऑफ, समोर छेद देणारा आठचा आकडा, चौकोनी फेरी घेऊन लँडिंग, इंजिन बंद पडल्यासारखे उतरवणे आणि सुरक्षेवरचे प्रश्न, एवढीच परीक्षा.

भारतात राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवतात. तिथून बाहेर पडलेल्या कॅडेटला जवळच्या क्लबाचा पत्ता मिळणे फार गरजेचे आहे. क्लबांनीही मैदानावर गोंद, जादा प्रोपेलर आणि दुरुस्तीचे टेबल ठेवावे. तुटलेला फोमचा पंख बहुतेक वेळा तासाभरात जोडता येतो. पडलेले विमान त्याच दिवशी पुन्हा उडाले, तर नवखा पुढच्या रविवारी येण्याची शक्यता कितीतरी वाढते.