पाटी पुसायला लागणारा वेळ

लग्नसराईत फोटो-व्हिडिओची कामं घेणाऱ्या एका वाचकाने विचारलंय, ‘माझ्या कार्डावर सेकंदाला १७० मेगाबाइट असं ठळक छापलंय. तरी सप्तपदी चालू असताना चित्रण आपोआप थांबलं. कॅमेरा बिघडला की कार्ड?’

बहुधा दोन्ही धडधाकट आहेत. १७० हा कार्ड वाचण्याचा वेग, तोही खास रीडर जोडला तर मिळणारा. यूएचएस-१ जातीच्या कार्डाला कॅमेऱ्यात १०४ ची वेस ओलांडता येत नाही. चित्रणाला लागतो लिहिण्याचा वेग, आणि तो कितीही झालं तरी कितीच्या खाली उतरणार नाही, हे महत्त्वाचं. त्याची हमी कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असते. व्ही३० म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला किमान ३० मेगाबाइट, व्ही६० म्हणजे ६०. इंग्रजी यू अक्षराच्या पोटात ३ असेल तर तेही ३० च.

आता कॅमेऱ्याचा मेनू उघडा. तिथे चित्रणाचा दर मेगाबिटमध्ये असतो, त्याला आठाने भागायचं. ४०० मेगाबिटचं चित्रण म्हणजे सेकंदाला ५० मेगाबाइट. व्ही३० कार्डाने तेवढं पेलण्याची हमी दिलेलीच नाही.

पण वाचायला वेगवान असलेलं कार्ड लिहिताना का अडखळतं? त्याचं उत्तर फुजिओ मासुओका या माणसाच्या एका धाडसी सौद्यात आहे. तोशिबात काम करत असताना त्यांनी पाहिलं, की त्या काळच्या विजेने पुसता येणाऱ्या चिपमध्ये एकेक बाइट वेगळा पुसण्याची सोय होती. त्या सोयीपायी बिट साठवणाऱ्या प्रत्येक घराला जास्तीचा ट्रान्झिस्टर लागायचा, चिप मोठी आणि महाग व्हायची. मासुओकांनी ती सोयच सोडून दिली. पुसायचं तर सगळं एकदम! घराला एकच ट्रान्झिस्टर पुरला आणि चिप स्वस्त झाली. एका झटक्यात सगळं कोरं होताना पाहून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, आणि ‘फ्लॅश मेमरी’ हे नाव पडलं. १९८४ साली हे तंत्र जगापुढे आलं. आपल्या कार्डात जो प्रकार असतो, तो नँड, १९८७ साली आला. कॅमेऱ्याच्या दिव्यावरून ज्याचं बारसं झालं, ते पुढे कॅमेऱ्यातच राहायला गेलं, याचं मला प्रत्येक वेळी नव्याने अप्रूप वाटतं.

सौद्याची किंमत आपण लिहिताना मोजतो. अशी दगडी पाटी डोळ्यांपुढे आणा, जिच्यावर बोटाने एक अक्षर पुसायला बंदी आहे. ओळ लिहा, पण पुसायची तर अख्खी पाटी. चार ओळी ठेवायच्या असतील तर त्या आधी दुसऱ्या पाटीवर उतरवायच्या, मग ओलं फडकं फिरवायचं. कार्डातला कंट्रोलर हीच उठाठेव करत असतो. कार्यक्रमाच्या मध्येच नको असलेले फोटो निवडून उडवले, की जुन्या फोटोंच्या मधूनमधून फटी राहतात आणि त्याचं काम वाढतं. म्हणून आधीचं सगळं दोन ठिकाणी उतरवून घ्यावं आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावं.

स्वस्ताईची पुढची पायरी म्हणजे एकाच घरात जास्त बिट कोंबणं. पूर्वी तांब्या भरलेला की रिकामा, एवढंच ओळखायचं होतं. एका घरात तीन बिट ठेवायचे तर पाण्याच्या आठ पातळ्या अचूक भराव्या आणि ओळखाव्या लागतात. हे पाणी म्हणजे इलेक्ट्रॉन, आणि ते वर्षानुवर्षं हळूहळू झिरपतात, उष्णतेत आणखी लवकर. कार्ड ही वाहतुकीची पिशवी आहे, लग्नाचे फोटो वर्षानुवर्षं ठेवायची तिजोरी नव्हे.

मासुओकांना कंपनीकडून मिळालेला मोबदला इतका किरकोळ होता, की ते २००४ साली कोर्टात गेले. २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. ज्यांच्या कल्पनेवर प्रत्येक मोबाइल चालतो, त्यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत यायलाच हवं.

वेगाइतकीच धास्ती बनावट कार्डांची. मी एकदा १२८ गिगाबाइटचं कार्ड फारच स्वस्तात घेतलं. यादीत सगळ्या फोटोंची नावं होती. उघडल्यावर वरच्या पाव भागात तोरण आणि माणसांची डोकी दिसत होती, खाली नुसता राखाडी पट्टा. आत चिप छोटी असते आणि कंट्रोलरला मोठा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. जागा संपली तरी तो ‘लिहिलं’ म्हणत राहतो. वेष्टनावरून हे कळणं कठीण. एफ३ किंवा एच२टेस्टडब्ल्यू ही मोफत साधनं कार्ड काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं सगळं परत वाचून ताडून पाहतात. कार्ड घेतल्या दिवशीच हे करावं.

तर वाचकमित्रा, ४०० मेगाबिटवरच चित्रण करायचं असेल तर व्ही६० घ्या, पण तुमच्या कॅमेऱ्यात यूएचएस-२ ची खाच आहे का ते आधी पाहा. त्या कार्डाच्या पाठीवर संपर्कपट्ट्यांची दुसरी रांग असते, तिला जोडीदार मिळाला नाही तर वेग पुन्हा १०४ च्या आत. नाहीतर दर १०० मेगाबिटवर आणा, व्ही३० कार्डही पुरेल. खाचा दोन असतील तर दोन्हींत एकच चित्रण लिहायला लावा. आणि बनावट कार्ड ओळखायच्या त्या चाचणीत ६४ गिगाबाइटचं कार्ड ३० च्या वेगाने भरायला साधारण ३६ मिनिटं लागतात. वाचून ताडायचा वेळ वेगळा. घेतल्या दिवशी राहूनच गेली असेल, तर लग्नाच्या आदल्या रात्री बॅटऱ्या चार्जिंगला लावाल, तेव्हाच ही चाचणीही लावून द्या.