टक्केवारीचा छेद कोणता?

१८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यातील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. त्यानंतर १६३ वर्षांनी, २०११ च्या जनगणनेत, महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के भरली. हा आकडा कसा आला? कागद-पेन्सिल घ्या.

राज्याची लोकसंख्या ११.२४ कोटी, साक्षर ८.१६ कोटी. भागाकार केलात तर सुमारे ७३ टक्केच येतात! याचे कारण छेदात आहे. जनगणनेत सात वर्षांखालील सर्व मुले निरक्षर धरतात. म्हणून साक्षरतेचे प्रमाण काढताना ती छेदातून वगळतात. अशी मुले होती १.३३ कोटी. छेद ९.९ कोटी केला, की उत्तर जुळते. १९८१ च्या जनगणनेत हीच वयोमर्यादा पाच वर्षांची होती. तेव्हा दोन काळांतील आकडे ताडून पाहताना आधी छेद तपासावा.

आता वजाबाकी करा. सात वर्षांवरील सुमारे पावणेदोन कोटी माणसांना कोणतीही भाषा समजून लिहिता-वाचता येत नव्हती. पुरुषांची साक्षरता ८८.३८ टक्के, स्त्रियांची ७५.८७. ८२ हा आकडा हे अंतर झाकतो. भिडे वाड्यात सुरू झालेले काम किती बाकी होते, ते या अंतरावरून कळते.